कागद तोच, नकला जास्त : मायक्रोआरएनए आणि कॅन्सर

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा बातमीत ‘मायक्रोआरएनए’ हा शब्द होता, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या अळीसारख्या कृमीचे चित्र होते आणि शेवटी ‘या शोधाचा कॅन्सरच्या अभ्यासात उपयोग होत आहे’ असे एक वाक्य होते. कृमीपासून कॅन्सरपर्यंतची वाट मात्र त्या बातमीत कोठे दिसली नाही. बातमीला जागेची मर्यादा असते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण ही वाट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यावरून चालताना कॅन्सरविषयीची आपली एक पक्की समजूत थोडी बदलावी लागते. एखादे जनुक बिघडले की कॅन्सर होतो, असे आपण ऐकलेले असते. प्रत्यक्षात जनुकाचा मजकूर अक्षरन् अक्षर बरोबर असूनही त्याच्या नकलांवरचा अंकुश सुटला, तर पेशी तेवढीच बेभान होऊ शकते.

मूळ दप्तर आणि नक्कल

आता सातबारा मोबाइलवर निघतो, पण ज्यांनी तलाठ्याच्या चावडीवर खेटे घातले आहेत, त्यांना जुनी पद्धत आठवत असेल. मूळ दप्तर कपाटातून बाहेर जात नसे. तुम्हाला मिळे ती नक्कल, आणि बँकेतले, कोर्टातले, सोसायटीतले सगळे काम त्या नकलेवर चाले.

पेशीचा कारभार बराचसा असाच आहे. पेशीच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकात डीएनए हे मूळ दप्तर असते. त्यातली एक नोंद, म्हणजे एक जनुक, वापरायची असेल तर तेवढ्या भागाची नक्कल उतरवली जाते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे प्रथिन तयार होते. शरीरातले प्रत्यक्ष काम प्रथिने करतात. पेशीला वाढायला सांगणारे, थांबवणारे, दुरुस्ती करणारे आणि गरज संपल्यावर मरायला लावणारे, ही सगळी प्रथिनेच. करोनाच्या काळात ‘एमआरएनए लस’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि पुण्याच्या जेनोव्हा या कंपनीने तशी पहिली भारतीय लसही तयार केली, ती लस म्हणजे बाहेरून दिलेली अशीच एक तात्पुरती नक्कल होय.

माणसाच्या दप्तरात प्रथिनांच्या सुमारे २०,००० नोंदी आहेत आणि यकृताच्या पेशीत असलेले दप्तर व मेंदूच्या पेशीत असलेले दप्तर एकच आहे. तरी यकृत हे यकृत राहते आणि मेंदू हा मेंदू, कारण कोणत्या नोंदीच्या किती नकला काढायच्या आणि त्यांतल्या किती नकलांवर प्रत्यक्ष काम होऊ द्यायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरते. यातला दुसरा भाग, म्हणजे निघालेली नक्कल वाटेत अडवण्याचा, आपल्या विषयाचा गाभा आहे.

नक्कल अडवणारा कारकून

अँब्रोस आणि रुव्हकुन ज्या कृमीवर काम करत होते, तिच्या दोन विकृत जाती त्यांच्यापुढे होत्या. एकीत लिन-४ नावाचे जनुक बिघडलेले होते. ही कृमी वयाने वाढे, पण तिच्या पेशी बालपणीचाच कार्यक्रम पुन्हा पुन्हा चालवत राहत. अंडी घालण्याचा अवयवच तयार होत नसल्याने अंडी पोटात साचून राहत. दुसरीत लिन-१४ हे जनुक बिघडलेले होते आणि तिचे सगळे उलट होते, म्हणजे ती बालपणाच्या पायऱ्या गाळून पुढे जाई. यावरून लिन-४ हे लिन-१४ ला आवर घालत असावे, असा तर्क निघत होता. पण कसा?

अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने लिन-४ शोधून काढले, तेव्हा त्यापासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही असे दिसले. त्यापासून निघत होता फक्त २२ अक्षरांचा, म्हणजे २२ रासायनिक दुव्यांचा, आरएनएचा एक तुकडा. संदेशवाहक आरएनए हजार-दोन हजार अक्षरांचा सहज असतो, त्याच्यापुढे २२ अक्षरे म्हणजे केरात जाण्यासारखा कपटा. इकडे रुव्हकुन यांना आढळले की लिन-१४ ची नक्कल निघते, पण पुढे तिच्यावरून प्रथिन तयार होण्याचे थांबते, आणि थांबवणारी जागा नकलेच्या शेपटीत आहे. दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळवून शेजारी ठेवली, तेव्हा तो २२ अक्षरांचा कपटा त्या शेपटीवर काजात बटण बसावे तसा बसत होता. १९९३ च्या डिसेंबरमध्ये हे दोन्ही शोधनिबंध एकाच अंकात छापून आले.

या कपट्यांना पुढे मायक्रोआरएनए असे नाव पडले. चावडीच्या भाषेत सांगायचे तर हा नकला अडवणारा कारकून आहे. मूळ दप्तराला तो हात लावत नाही. बाहेर पडलेल्या नकलेच्या तळाशी असलेली खूण पाहतो, आपल्याकडच्या चिठ्ठीशी ती जुळली तर नकलेवर बसतो, आणि मग ती नक्कल एक तर वाचली जात नाही किंवा फाडली जाते. खूण फार छोटी, साधारण सात-आठ अक्षरांची असते. त्यामुळे एकच कारकून शेकडो वेगवेगळ्या नकला अडवू शकतो आणि एकाच नकलेवर अनेक कारकुनांची नजर असू शकते.

येथे तुलनेला थोडी मुरड घालायला हवी. हा कारकून सहसा काम पूर्ण बंद पाडत नाही. गॅसची शेगडी बंद करणे वेगळे आणि दूध उतू जाऊ लागल्यावर आच मंद करणे वेगळे. मायक्रोआरएनए बहुधा आच मंद करतो. एखाद्या प्रथिनाचे प्रमाण तो थोडेसेच घटवतो, पण पुष्कळ प्रथिनांचे एकाच वेळी घटवतो, आणि पेशीच्या वाढीसारख्या नाजूक व्यवहारात हे थोडेथोडे एकत्र आले की मोठे होते.

पहिली सात वर्षे या शोधाकडे कोणी फारसे पाहिले नाही. कृमीतली एक चमत्कारिक गोष्ट, एवढेच तिचे मोल होते. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए शोधला आणि तो माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा सापडला. तेव्हा सगळे जागे झाले. माणसात असे हजाराहून अधिक मायक्रोआरएनए असल्याचे आता मानले जाते.

हरवलेल्या तुकड्याचा शोध

प्रौढ आणि वृद्ध माणसांना होणारा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कॅन्सरपेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक ठराविक तुकडा गायब असतो. वारंवार तोच तुकडा गायब होत असेल तर त्याच्यात कॅन्सरला आवर घालणारे जनुक असणार, असा साधा हिशेब करून संशोधकांनी त्या जागेतली प्रथिनांची जनुके वर्षानुवर्षे चाळली. गुन्हेगार हाती लागेना. अखेर २००२ मध्ये कार्लो क्रोचे, जॉर्ज कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या तुकड्यात मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए होते. चाळणीची भोके मोठी होती. शोधायची वस्तू २२ अक्षरांची होती.

हे दोन कारकून कोणाच्या नकला अडवत होते, ते २००५ मध्ये पुढे आले. त्यांच्या यादीत बीसीएल-२ नावाचे प्रथिन होते. पेशीला मरू न देणे हे या प्रथिनाचे काम. शरीरातल्या बहुतेक पेशींना ठराविक काळाने मरावेच लागते आणि त्यासाठी त्यांच्यात रीतसर व्यवस्था असते. बीसीएल-२ ती व्यवस्था रोखून धरते. कारकून गेले, बीसीएल-२ च्या नकला मोकाट सुटल्या आणि ज्या पांढऱ्या पेशींनी मरायला हवे होते त्या साचत गेल्या. या आजारात पेशी झपाट्याने वाढण्यापेक्षा न मरता साठत राहणे हा प्रकार मोठा असतो, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते. त्याचे एक कारण आता कळले. २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांतला नेमका तोच भाग काढून टाकला, तेव्हा त्यांतल्या काही उंदरांना तशाच प्रकारचा आजार झाला. हा पुरावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण रुग्णांत एखादी गोष्ट सोबत आढळणे आणि तीच कारण असणे यांत पुष्कळ अंतर असते.

बीसीएल-२ प्रथिनालाच जखडून ठेवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून या आजारात वापरात आहे. ते मायक्रोआरएनएच्या संशोधनातून आलेले नाही, बीसीएल-२ वरच्या स्वतंत्र आणि जुन्या कामातून आले. पण कारकुनाने जे अडवायला हवे होते, तेच ते औषध पुढच्या टप्प्यावर अडवते.

मग मायक्रोआरएनए वाढले की कॅन्सर टळतो का?

हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कारकून चांगला की वाईट, हे त्याच्या हातात कोणाचे कागद आहेत यावर ठरते. लेट-७ हा रास नावाच्या प्रथिनाच्या नकला अडवतो. रास पेशीला वाढण्याचा हुकूम देते, म्हणून लेट-७ कमी झाला की धोका वाढतो. फुप्फुसाच्या अनेक कॅन्सरांत तो कमी झालेला आढळतो. याउलट मिर-२१ हा वाढ रोखणाऱ्या प्रथिनांच्या नकला अडवतो. म्हणजे ब्रेक लावा, अशी लेखी सूचना निघते आणि हा गृहस्थ ती टेबलाखाली ठेवतो. स्तन, फुप्फुस, आतडे, मेंदू अशा कितीतरी ठिकाणच्या गाठींत मिर-२१ वाढलेला दिसतो.

मिर-२१ वरचा एक प्रयोग लक्षात राहण्यासारखा आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात मिर-२१ हवा तेव्हा वाढवता आणि हवा तेव्हा उतरवता येईल. तो वाढवला तेव्हा उंदरांना लसिका पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, कॅन्सर झाला; म्हणजे एकट्या मायक्रोआरएनएची वाढही पुरेशी ठरली. मग तो उतरवला, तर काही दिवसांतच गाठी विरून गेल्या. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध आता हाताशी आले असे पुष्कळांना वाटले असणार.

मग औषध कुठे आहे?

मायक्रोआरएनएवर आधारलेले एकही कॅन्सरचे औषध अजून दवाखान्यात पोहोचलेले नाही. प्रयत्न झाले. त्यांतला सर्वांत गाजलेला मिर-३४ चा होता. पी-५३ हे पेशीतले नामांकित राखणदार प्रथिन. डीएनएला इजा झाली की ते पेशीची वाढ थांबवते, आणि या कामी ते मिर-३४ ला हाताशी धरते. अनेक गाठींत मिर-३४ घटलेला असतो, तेव्हा तो बाहेरून भरून काढावा, अशी कल्पना होती. एमआरएक्स-३४ या नावाने तो चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. काही मोजक्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. परंतु इतर काहींच्या रोगप्रतिकारशक्तीने असा उठाव केला की चार रुग्ण दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी बंद करावी लागली.

कारण समजण्यासारखे आहे. आपल्या शरीराची पहारेकरी यंत्रणा बाहेरून आलेल्या आरएनएकडे विषाणूच्या नजरेने पाहते, कारण अनेक विषाणूंचा जनुकीय मजकूर आरएनएमध्येच लिहिलेला असतो. त्यात, जो कारकून शेकडो नकला अडवतो त्याला सगळ्या शरीरभर मोकळा सोडला तर गाठीबाहेरच्या निरोगी पेशींतही तो तेच करणार. जे त्याचे बळ, तेच औषध म्हणून त्याचे दुखणे.

यावर एक योग्य आक्षेप घेतला जातो. नकला अडवणाऱ्याच तत्त्वावरची औषधे तर बाजारात आहेत, त्यांचे काय? खरे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत पॅटिसिरन हे औषध मंजूर झाले आणि त्यानंतर आणखी काही आली. पण त्यांत मुद्दाम घडवलेला, एकाच नकलेवर नेमका बसेल असा आरएनए असतो आणि ती आजवर मुख्यत्वे यकृतासाठी आहेत. रक्तातून जाणारे असे सूक्ष्म थेंब यकृत आपणहून गोळा करते, म्हणून तेथे पत्ता चुकत नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत दडलेल्या गाठीपर्यंत, तिच्यातल्या प्रत्येक पेशीपर्यंत, हा माल पोहोचवायचा कसा, हे कोडे सुटायचे आहे. माझ्या मते या क्षेत्रातला खरा अडसर जीवशास्त्राचा कमी आणि टपालाचा जास्त आहे.

आहाराने किंवा रक्ततपासणीने काही साधेल का?

भाताबद्दलची एक गोष्ट अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरते. २०१२ मध्ये चीनमधल्या एका गटाने तांदळातला मायक्रोआरएनए खाणाऱ्याच्या रक्तात उतरतो, असा दावा केला होता. इतर प्रयोगशाळांनी तसेच करून पाहिले, तेव्हा तसे काही घडताना दिसले नाही, किंवा दिसले ते इतके नगण्य की त्याने काही साधावे अशी शक्यता नव्हती. तेव्हा अमुक खाल्ल्याने मायक्रोआरएनए सुधारतात, अशी जाहिरात दिसली तर पुढे सरकावे.

रक्ततपासणीचे प्रकरण इतके सरळ नाही. मायक्रोआरएनए रक्तात सापडतात आणि टिकतात, हे २००८ पासून माहीत आहे. गाठीतून रक्तात आलेले कपटे मोजून कॅन्सर लवकर ओळखावा, ही कल्पना चांगली आहे. अडचण कोठे येते, ते अगदी जवळून पाहू. नर्स दंडाला पट्टा बांधते, शीर सापडत नाही, सुई दोनदा टोचावी लागते, नळीत रक्त फेसाळत उतरते. या ओढाताणीत काही तांबड्या पेशी फुटतात आणि नळीतला पिवळसर द्रव किंचित गुलाबी दिसू लागतो. तांबड्या पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात. ते सगळे त्या द्रवात मिसळते आणि यंत्र ‘वाढलेले प्रमाण’ दाखवते. कॅन्सर कोठेच नसतो. वाढलेली असते फक्त सुईची झटापट. शोधनिबंधांत अशा तपासण्यांचे उत्तम निकाल आढळतात, पण दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे अशी कारणे पुष्कळ असतात. आपल्याकडे तंबाखू आणि मावा खाणाऱ्याच्या तोंडात विजेरीचा झोत टाकून पाहणारा दंतवैद्य आजही या महागड्या तपासण्यांहून जास्त उपयोगी आहे.

हे आनुवंशिक असते का?

बहुतांशी नाही. वर सांगितलेले बदल आयुष्यभरात एखाद्या पेशीत घडतात आणि तिच्यापासून निघालेल्या पेशींपुरते राहतात. एक दुर्मीळ अपवाद आहे. कच्च्या आरएनएला कातरून मायक्रोआरएनएचा आकार देणाऱ्या डायसर नावाच्या कात्रीचेच जनुक काही कुटुंबांत जन्मतः सदोष असते, आणि अशा घरांतल्या लहान मुलांना फुप्फुसाची एक विशिष्ट गाठ होण्याचा धोका असतो.

खारघरचा मेणाचा ठोकळा

उपचारांत मायक्रोआरएनए अजून आलेले नसले तरी निदानात ते काय करू शकतात, याचे एक उदाहरण नवी मुंबईत आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर काम केले. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींत ही सर्वांत जास्त आढळणारी. ती मेंदूच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागात उगवते. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या गाठी आतून चार मुख्य प्रकारच्या असतात. त्यांतल्या डब्ल्यूएनटी या प्रकाराची मुले उपचारांनंतर बहुधा बरी होतात, दुसऱ्या काही प्रकारांत मात्र चित्र फारच वेगळे असते. म्हणून प्रकार ओळखणे गरजेचे.

ज्यांच्या घरात कोणी टाटा रुग्णालयात गेले आहे, त्यांना ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ हे वाक्य माहीत असेल. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो हा ब्लॉक. गावाकडच्या रुग्णालयातून तो डिस्चार्ज कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रवास करतो. फॉर्मलिनमध्ये लांब आरएनएचे तुकडे तुकडे होतात, त्यामुळे नकला वाचून गाठीचा प्रकार ठरवणे अवघड जाते. मायक्रोआरएनए मुळातच २२ अक्षरांचे, त्यांचे आणखी तुटायचे काय राहिले? ते मेणात वर्षानुवर्षे टिकतात. शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्ये निवडक जनुके आणि निवडक मायक्रोआरएनए मोजून अशा जुन्या ठोकळ्यांवरून चारही प्रकार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. करोनाची आरटी-पीसीआर चाचणी ज्या जातीची, त्याच जातीची ही चाचणी आहे. फार महागडे यंत्र तिला लागत नाही.

याच गटाला असेही दिसले की डब्ल्यूएनटी प्रकारात मिर-१४८ए आणि मिर-१९३ए यांसारखे काही कारकून भरपूर असतात, आणि तेच दुसऱ्या घातक प्रकारांच्या पेशींत प्रयोगशाळेत घातले की त्या पेशींचा आक्रमकपणा उतरतो. डब्ल्यूएनटीची मुले बरी का होतात, याचे किमान अर्धे उत्तर येथे असू शकेल.

अर्थात प्रकार ओळखला म्हणजे उपचार आपोआप सौम्य करता येतात, असे नाही. मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर किरणोपचार घेतलेल्या मुलांच्या वाढीवर आणि शिकण्यावर परिणाम होतो, म्हणून टाटा स्मारक केंद्रातच डब्ल्यूएनटीच्या कमी धोक्याच्या मुलांना फक्त गाठीच्या जागेपुरतेच किरण देऊन पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. काही मुलांत आजार गाठीची जागा सोडून मेंदू आणि मज्जारज्जूच्या इतर भागांत परतला, आणि तो अभ्यास वेळेआधीच थांबवण्यात आला. संपूर्ण मेंदू आणि कण्यावरचे किरणोपचार गाळता येत नाहीत, एवढे त्यातून ठरले. त्यांची मात्रा किती खाली आणता येईल, हे तपासण्याचे काम वेगवेगळ्या देशांत चालू आहे, आणि त्यात कोणते मूल बसते हे ठरवताना प्रत्येक वेळी पहिल्यांदा हात जातो तो त्या मेणाच्या ठोकळ्याकडेच.